प्रतिवादीतर्फे

आमच्या गावाचा बांध फुटला तेव्हा काय काय झालं, हे मला विद्यापीठाच्या मेसमध्ये पोहे खाताना मोबाइलवर इंग्रजीत वाचायला मिळालं. सकाळीच मूटचा प्रॉब्लेम जाहीर झाला होता आणि सगळ्या टेबलांवर माना खाली गेल्या होत्या. मूट म्हणजे खोटा खटला. प्राध्यापक एक गोष्ट रचतात, नाणं उडवून बाजू ठरवतात, आणि आम्ही काळे कोट चढवून असे भांडतो की जणू कुणाचा तरी जीव टांगणीला लागलाय. ह्या खेपेच्या गोष्टीत सॉल्टानिया नावाचं प्रजासत्ताक होतं. त्यात खाडीकाठचं पानाका नावाचं गाव, गावाला समुद्रापासून राखणारा मातीचा बांध, खाडीत धक्का बांधणारी एक कंपनी, तिच्या खडी वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी बांधाला पडलेलं भगदाड, आणि भातशेतीत शिरलेलं खारं पाणी. गावकऱ्यांचा म्होरक्या मिस्टर डार्मो. माझ्या गावाचं नाव पाणखार. माझ्या वडिलांचं नाव धर्माजी. समोर बसलेली इरा, माझी मूटमधली जोडीदार, म्हणाली, "क्यूट आहे ना? डार्मो." मी हो म्हणाले. आणि पुढचा परिच्छेद उघडला.

नावं बदलण्याची त्यांनी एवढीच तसदी घेतली होती. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. एका परिच्छेदात तर सोना नावाची म्हातारी सांगत होती की भाताच्या लोंब्यांत दाण्याऐवजी पांढरी भुकटी भरली आणि ती जिभेला लावली तर मीठ. हे वाक्य माझ्या आतेचं होतं, सोनूबाईचं. ती ते बोलली तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. मीच ते इंग्रजीत करून दिलं होतं. तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते आणि विद्यापीठाच्या विधी-सहाय्य केंद्राची गाडी आमच्या समाजमंदिरासमोर उभी राहिली होती. निवेदिता मॅडम, त्यांच्यासोबत सारख्या टोप्या घातलेली मुलं, आणि मध्ये मी, दुभाषी. केवढी फुशारले होते मी. मॅडम रेवदंड्याकडच्या, नारळ-सुपारीच्या वाडीवाल्या घरातल्या; त्यांना भरती-ओहोटी, बांधाच्या दाराची उघाडी, खांड हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत. बांधाला पडलेल्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की गावात हाळी जाते आणि घरटी एक माणूस चिखलात उतरतो. कुणाचं शेत वाचतंय हे कुणी विचारत नाही. ज्याचं शेतच नाही तोही उतरतो. हे सांगताना बाबांची छाती फुगली होती आणि मॅडमनी ते लिहून घेतलं, रेकॉर्डही केलं. मग त्या आमच्या ओटीवर जेवल्या. जिताडा माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आईनं त्यांना डोक्याकडचा तुकडा वाढला, तो आमच्याकडे जावयाला वाढतात. निघताना मॅडम बाबांना म्हणाल्या, "आम्ही बघतो."

त्यानंतर मी घरी गेले की बाबा विचारायचे, "त्या बाय काय बोलल्या?" आणि मी परत आले की मॅडमच्या केबिनमध्ये जायचे. फाइल प्रोसेसमध्ये आहे. कुलगुरूंची सही व्हायचीये. सेमिस्टर संपू दे. नवीन बॅचला तयार करतोय. मी ही उत्तरं घरी पोहोचवत राहिले, आपल्याच आईबापाला सरकारी कारकुनासारखी. बांधाची खांड रुंदावत गेली. पहिल्या वर्षी पाट्या-पाट्यांनी माती टाकून आम्ही ती बुजवली, बार्जेस पुन्हा आल्या, पुन्हा फुटली. मग तिच्यातून होडी जाईल एवढी झाली आणि घरटी एक माणूस काय, अख्खं गाव उतरलं असतं तरी पुरलं नसतं. सरकारी कचेरी म्हणाली हा बांध आमच्या यादीत नाही. कंपनी म्हणाली समुद्राची पातळी वाढतेय. आणि मॅडम म्हणत होत्या प्रोसेसमध्ये आहे. त्या मेसमध्ये बसून मला पहिल्यांदा कळलं की कसली प्रोसेस. आमचं रडगाणं उकळून, गाळून, त्याचा प्रॉब्लेम करत होते. मला संताप आला. तो नुसता मनात नव्हता, कानशिलात होता, हाताच्या बोटांत होता. आणि ज्या इमारतीत बसून मी संतापत होते तिथे माझी राहण्या-जेवण्याची सोय शिष्यवृत्तीतून होती, हेही मला त्याच वेळी आठवत होतं.

नाणेफेक झाली त्यात आम्हाला प्रतिवादीची बाजू आली. म्हणजे कंपनीची. वादीतर्फे वरद आणि त्याचा जोडीदार. मी मॅडमकडे गेले. त्या चष्मा पुसत होत्या. म्हटलं, "मॅडम, हे आमचं गाव आहे." त्या हसल्या, अगदी मायेनं. "अगं, मला वाटलंच होतं तू येशील. कुणाची ओळख पटू नये म्हणून सगळं बदललंय. आणि विचार कर, तुमच्या प्रश्नाला केवढं व्यासपीठ मिळतंय. देशभरातले लोक वाचतील." मी म्हटलं, "केस दाखल करायची होती ना?" "त्याला वेळ लागतो, कल्पिता. आधी अकादमिक पातळीवर मंथन व्हायला हवं." मग मी म्हटलं, निदान माझी बाजू बदला. तेव्हा त्यांचा आवाज जरा कोरडा झाला. "वकील बाजू निवडत नाही. त्याला मिळालेली बाजू तो मांडतो. हे तुला चौथ्या वर्षी सांगावं लागतंय?" मला सांगावं लागत नव्हतं. गेली चार वर्षं मी हेच तर शिकले होते. अंतिम फेरीला एक निवृत्त न्यायमूर्ती येणार होते आणि जिंकणाऱ्याला त्यांच्या मुंबईतल्या कार्यालयात काम मिळणार होतं. आमच्या गावातून वकील तर सोडाच, कोर्टात साक्षीदाराखेरीज कुठल्या नात्यानं कुणी उभं राहिलेलं नाही. मला ते काम हवं होतं. मी केबिनमधून बाहेर आले आणि ग्रंथालयात जाऊन बसले.

आणि मग जे झालं त्याची मला आजही शिसारी येते: मला मजा यायला लागली. आमच्या गावाची बाजू किती ठिकाणी पोचट आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तक्रार उशिरा केली. बांध कुणाच्या मालकीचा याचा पत्ता नाही. लाटा बार्जच्या की वाऱ्याच्या, हे सिद्ध करणार कसं? एकेक मुद्दा मी सोलून काढत होते, आणि इरा म्हणत होती, "तू डेंजर आहेस यार." सगळ्यात भारी मुद्दा मला एका दुपारी सुचला. घरटी एक माणूस. पिढ्यान्‌पिढ्या गावकरीच खांड बुजवतात, तर बांध गावकऱ्यांचाच आहे, आणि तो राखण्याची जबाबदारीही त्यांचीच. फुटला तर चूक त्यांची. मी हे टाइप केलं, पुन्हा वाचलं, आणि छान वाटलं. खिडकीबाहेर हिरवळीवर पाणी मारत होते. ही हिरवळ म्हणजे आमच्या विद्यापीठाची शान. त्याच क्षणी फोन वाजला. बाबा.

"बाय, आपली केस लागली ना तुझ्या कालेजान."

मॅडमच्या केंद्रातून फोन गेला होता. कार्यक्रम तुमच्याच प्रश्नावर आहे, समुदायाचा सहभाग हवा, माजी न्यायमूर्ती येणार आहेत, दहा-पंधरा जण या. मी म्हटलं, "बाबा, ती खरी केस नाही. मुलांचा सराव असतो."

"जज खरा हाय ना?"

"रिटायर झालेत."

"मंग? रिटायर झाला म्हंजी कान गेलं का त्याचं? त्याच्या कानावर तरी परल. तू हाव ना थं, तू सांगशीलच."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की मी समोरच्या बाजूनं आहे. तोंड उघडलं, पण बाबा तोवर टेम्पोच्या डिझेलचं बोलायला लागले होते. मी ठेवते म्हणाले. मुद्दा खोडला नाही. रंग बदलून ठळक केला.

ते आले तेव्हा मॅडमनी त्यांना विद्यापीठ दाखवायचं काम माझ्यावर सोपवलं, कारण पाहुण्यांना ओळख करून देण्यात मी पटाईत. दरवर्षी नव्या मुलांच्या पालकांना मीच फिरवते. सगळं तोंडपाठ आहे. संसदेत आणि विधिमंडळात कायदे होतात, त्यांचा अर्थ लावणारी माणसं इथे घडतात. देशभरातून एकाच परीक्षेनं मुलं निवडली जातात. पाच वर्षांचा निवासी अभ्यासक्रम. हे ग्रंथालय, हे आंतरराष्ट्रीय कायदा केंद्र, हे पर्यावरण कायदा केंद्र, इथे समुद्र कायद्यावर संशोधन चालतं. हे आमचं ब्रीदवाक्य, संस्कृत आहे, म्हणजे न्याय जिथे तिथे जय. मी सांगत होते आणि माझ्या मागून चपला काढून हातात घेतलेली पंधरा माणसं चालत होती, कारण लादी चकचकीत होती. मी म्हटलं घाला चपला. कुणी घातल्या नाहीत. सोनूआतेनं पर्यावरण केंद्राच्या काचेतून आत डोकावून पाहिलं. आत कुणी नव्हतं, एसी चालू होता. ती म्हणाली, "हितं कोन बसतं?" मी म्हटलं, प्राध्यापक. "मंग त्यांना आपला बांध ठावूक असल." मी पुढे चालू लागले. चार वर्षं ही टेप मी वाजवत होते आणि तिच्यातलं एकही वाक्य मला कधी खोटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी प्रत्येक वाक्याला माझे कान लाल होत होते. कुणासाठी आहे हे सगळं? चार पैशाचं बळ नसलेल्या माणसाला ह्या फाटकातून आत यायचं तर एकतर परीक्षा देऊन यावं लागतं, नाहीतर प्रॉब्लेम होऊन.

मूट जिथे चालते त्या अभिरूप न्यायालयाच्या दालनात गावकऱ्यांना शेवटच्या दोन रांगा दिल्या होत्या. फोटोग्राफर आधी त्यांच्याकडे गेला. न्यायमूर्ती आले तेव्हा सगळे उभे राहिले आणि बाबांनी हात जोडले ते कुणीतरी ओरडून "बसा" सांगेपर्यंत सोडले नाहीत. मी प्रतिवादीच्या टेबलाशी बसले होते. बाबांना मी दिसले, त्यांनी मान हलवली. कुठलं टेबल कुणाचं हे त्यांना कुठून कळणार? वरद आधी बोलला. 'बांध'च्या जागी तो 'एम्बँकमेंट' म्हणत होता, मिस्टर डार्मोचे मूलभूत हक्क सांगत होता, आणि चांगलं बोलत होता. माझ्या गावाची बाजू इतक्या चांगल्या इंग्रजीत मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि माझ्या हातात ती पाडायचे कागद होते. मागच्या रांगांना एक अक्षर कळत नव्हतं. तरी ते पुढे झुकून ऐकत होते. सोनूआते पदर तोंडाशी धरून बसली होती, देवळात कीर्तनाला बसते तशी.

मग मी उभी राहिले. इरानं माझा हात दाबला. उशीर, मालकी, पुरावा, एकेक मुद्दा मी ठेवत गेले. न्यायमूर्तींनी मध्येच दोन प्रश्न विचारले, मी ते टोलवले, ते मान डोलावू लागले. मला कळत होतं की आपण जिंकतोय. मग तो ठळक मुद्दा आला. गावची रीत सांगताना मी मूळ शब्द वापरायचे ठरवले होते, परिणामासाठी. म्हटलं, ह्या गावात एक प्रथा आहे, खांड पडली की घरटी एक माणूस. तेवढे शब्द इंग्रजीच्या गर्दीतून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले. मी पाहिलं, बाबा हसले. त्यांनी शेजारच्याच्या मांडीवर हात ठेवला आणि छाती पुढे काढून बसले. त्यांना वाटलं पोरगी जजला गावाची थोरवी सांगतेय. समाजमंदिरात ते मॅडमपुढे जसे बसले होते तसेच बसले, आणि डोळ्यांनी मला म्हणाले, सांग, अजून सांग. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. सबब, बांध राखण्याचं कर्तव्य त्यांचंच. नुसतं उच्चारायचं होतं. चार शब्द बोलताना मला पूर्वी कधी अडखळायला झालं नव्हतं. मला अडवत होतं ते रडू नव्हतं. तो राग होता, सगळ्यांवरचा, मॅडमवरचा, चकचकीत लादीवरचा, माझ्या जिभेवरचा. किती विश्वासानं बसली होती ही माणसं, आणि त्यांच्याच कष्टांचा फास करून त्यांच्या गळ्यात घालायला किती सुरेख शिकवलं होतं मला.

"काउन्सेल?" न्यायमूर्ती म्हणाले.

मी कागद पालथे घातले. इंग्रजीत म्हटलं की प्रतिवादीला वादीचं संपूर्ण म्हणणं मान्य आहे. खऱ्या कोर्टात अशिलानं सांगितलं तर वकिलाला हे करता येतं. मूटमध्ये कुणी करत नाही. गुणपत्रिकेत त्याला रकानाच नसतो. इरा हळू आवाजात म्हणाली, "वेडी झालीस का तू? माझंपण आहे ना हे." तिचं खरं होतं आणि तिला देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मग मी मागे वळले, न्यायालयाकडे पाठ करून, जे कुठल्याच न्यायालयात करायचं नसतं, आणि मराठीत म्हणाले, "गावाचं म्हणणं खरं आहे. बांध कंपनीमुळे फुटला. तो कंपनीनं बांधून द्यावा. आम्हाला मान्य आहे."

न्यायमूर्ती जुने, खेळकर गृहस्थ. त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे, मग मागच्या रांगांकडे पाहिलं, आणि वातावरण हलकं करावं म्हणून मराठीतच म्हणाले, "चला, मग वादच मिटला. याचिका मंजूर." आणि समोरचा लाकडी हातोडा उचलून आपटला. पुढच्या रांगा हसल्या. प्राध्यापक हसले, वरद हसला, टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांत मागचे पंधराच्या पंधरा जण उठून उभे राहिले. ते हसत नव्हते. सोनूआतेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबा हात जोडून मंचाकडे निघाले, कुणी अडवायच्या आत पोहोचले, आणि न्यायमूर्तींच्या पायांवर डोकं ठेवलं. न्यायमूर्ती गोंधळून मागे सरले, "अहो, अहो, असं नका करू" म्हणाले, पण बाबांना सावरून उभं करताना त्यांनी एवढं सांगितलं नाही की हे काही खरं नाही. मॅडमनीही सांगितलं नाही. त्या फोटोग्राफरला खूण करत होत्या. नंतर जिन्यात त्यांनी मला गाठलं. "तू अपात्र आहेस हे तुला कळतंच असेल. आणि शिस्तपालन समितीसमोर यावं लागेल. भावनेच्या भरात तू त्या बिचाऱ्यांची केवढी दिशाभूल केलीस, याची कल्पना आहे का तुला?" दिशाभूल. हा शब्द त्यांनीच वापरला. आणि सगळ्यात चीड कशाची आली, तर त्या बोलत होत्या त्यात तथ्य होतं.

मी गावकऱ्यांबरोबर टेम्पोत चढले. कोट अंगावर तसाच होता. मागच्या हौद्यात सगळे दाटीवाटीनं उभे होते आणि लग्नाहून परतत असल्यासारखे बोलत होते. बार्ज बंद झाली की पुढच्या पावसाळ्यात खारं ओसरेल, त्याच्या पुढच्या वर्षी भात धरेल. आपल्याच पोरीनं कंपनीच्या वकिलाला कबूल करायला लावलं, असं कुणीतरी सांगत होतं. सोनूआतेनं माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. रस्त्याच्या डाव्या अंगाला खाडी लागली. बार्ज चालली होती, खडीनं भरलेली, तिच्यामागची लाट किनाऱ्याकडे तिरकी सरकत होती. कुणी तिच्याकडे रागानं पाहिलंही नाही. तिचे आता थोडेच दिवस, असं त्यांना वाटत होतं. मला तिथे उभं राहवेना. हे मी केलं होतं. त्यांनी आमच्या दुःखाचा खेळ केला, आणि मी त्या खेळातला विजय ह्या माणसांच्या ओटीत टाकला होता, खोटं नाणं टाकावं तसा.

बाबा हौद्याच्या कठड्याला धरून माझ्या शेजारी आले. "हुकूम कवा हातान येल गो?"

"हुकूम नाही यायचा, बाबा." मी मोठ्यानंच बोलले, टेम्पोच्या आवाजात लपता येऊ नये म्हणून. "ते कोर्ट नव्हतं. ते जज आता जज नाहीत. मंजूर म्हणाले ती थट्टा होती. आणि मी तिथे आपल्या बाजूनं नव्हते. कंपनीची वकील म्हणून उभी होते. घरटी एक माणूस जातो, म्हणून बांधाची जबाबदारी आपलीच, असं मी म्हणणार होते. आपली केस कुठेच लागलेली नाही. आजपर्यंत कुणी कागदसुद्धा दिलेला नाही."

बोलणं एकेक करून थांबत गेलं. बाबांचा चेहरा मी बघितला नाही. मी त्यांचे कठड्यावरचे हात बघत होते. मला वाटलं ते ओरडतील. मला हवं होतं की त्यांनी ओरडावं, मारावं, काहीही करावं, म्हणजे माझ्या संतापाला जोडीदार मिळाला असता. टेम्पो एका खड्ड्यातून गेला आणि सगळे एकमेकांवर आदळून पुन्हा सरळ झाले.

"मंग खरी कवा लावतंस?" बाबांनी विचारलं.

माझ्याकडे सनद नव्हती. पदवीसुद्धा नव्हती, आणि समिती बसली तर ती मिळेलच याची खात्री नव्हती. अलिबागच्या कोर्टात कुठला वकील कंपनीच्या विरुद्ध उभा राहील हे ठाऊक नव्हतं. उशीर, मालकी, पुरावा: समोरचा काय काय म्हणेल ते मात्र मला शब्दन्‌शब्द पाठ होतं. हौद्यातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

"सोमवारी," मी म्हणाले.